रेव्हिटसाठी जुना थिंकपॅड पी५० लॅपटॉप अपग्रेड करू का नवीनच घेऊ? (सांगली)

प्लॅन_मंजूर
मंडळी जरा सल्ला पाहिजे. विश्रामबागेत घरांचे प्लॅन अन थ्रीडीचं काम करतो, ऑटोकॅड आणि रेव्हिट रोजचं, कधीमधी एनस्केपमध्ये वॉकथ्रू (घरात फिरल्यासारखं दाखवायचं). मशीन थिंकपॅड पी५०, आय७-६८२०एचक्यू, १६ जीबी रॅम, ग्राफिक्स कार्ड क्वाड्रो एम२०००एम ४ जीबीवालं. २०१९ च्या पुरात डेस्कटॉप पाण्यात गेला तेव्हाच ठरवलं की आता घ्यायचं ते काखेत मारून माडीवर पळता आलं पाहिजे, म्हणून हा सेकंडहँड घेतलेला. इतकी वर्षं कुरकुर नाही. पण गेले तीन महिने पार झोपलाय. परवा जतचे एक काका समोर बसलेले, त्यांना बंगल्याचा जिना दाखवायला गेलो तर अर्धाच जिना आला आणि मशीन अडकलं, काका म्हणतात "वरच्या पायऱ्यांचं बिल वेगळं हाय काय?"
बजेट सत्तर हजार, ताणून ऐंशी. काय करू?

गेमर_कुपवाड
विचार कसला करतोस भावा, आरटीएक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप उचल, एनस्केप पळेल नुसतं. जुन्यात पैसे घालू नको.

मिरजेचा_तंबोरा
आधी उघडून धूळ काढा आणि प्रोसेसरवरची पेस्ट बदला. माझ्या मशीनच्या फॅनमधनं वाटीभर कापूस निघालेला, बायको म्हणाली उशी शिवून देते.

जुनंच_बरं
गेमरभाऊ, एनस्केपचं म्हणणं बरोबर आहे, ते सगळं ग्राफिक्स कार्डावर चालतं. पण रेव्हिटचं बरंचसं काम प्रोसेसरच्या एकाच कोअरवर चालतं आणि मॉडेल मोठं झालं की त्याला रॅम लागते, नुसतं कार्ड भारी घेऊन तिथं फार फरक पडत नाही.
प्लॅनदादा, मला एक गोष्ट खटकतीय. मशीन म्हातारं होतं ते हळूहळू होतं, तीन महिन्यांत असं आडवं पडत नाही. रेव्हिटमध्ये व्ह्यू फिरवत असताना टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये सीपीयूवर जा आणि "स्पीड" म्हणून आकडा दिसतो तो सांगा. चार्जर लावून आणि काढून, दोन्ही. आणि चार्जर उलटा करून त्यावर आउटपुट काय लिहिलंय तेही.

प्लॅन_मंजूर
बघितलं. चार्जर लावून ०.७९ गिगाहर्ट्झच्या पुढं जातच नाही, कितीही फिरवा. काढला तर २.७ च्या वर! उलटं कसं काय हे?? चार्जरवर २० व्होल्ट ४.५ अँपिअर आहे. मूळचा चार्जर वळवाच्या पावसात लाईट ये-जा करत होती तेव्हा गेला, दुकानदार म्हणाला "पिन तीच आहे, बसतोय की, चालतंय."

जुनंच_बरं
सापडलं. २० गुणिले ४.५ म्हणजे ९० वॅट. पी५० ला १७० वॅटचा लागतो, २० व्होल्ट ८.५ अँपिअर, ती अर्ध्या विटेएवढी वीट. पिन तीच असते म्हणून बसतो, पण वीज पुरत नाही म्हटल्यावर मशीन स्वतःच वेग उतरवून गप पडून राहतं. अर्ध्या एचपीच्या मोटरनं दोन एकर भिजवायला बसलाय तुम्ही.

मिरजेचा_तंबोरा
माझ्याकडं १७० चा पडून आहे, मशीन विकलं त्याच्या मागं राहिला. शंभर फुटी रोडला संध्याकाळी या, लावून बघा, मग विकत घ्या कुठनं ते.

हळदीचा_भाव
रॅमचं पण बोला की कुणीतरी. सध्या रॅमचे दर मार्केट यार्डातल्या हळदीपेक्षा जास्त उड्या मारायलेत.

जुनंच_बरं
रॅमला चार खाचा आहेत, ६४ जीबीपर्यंत जाते, डीडीआर४. दोन खालचं झाकण काढलं की दिसतात, दोन कीबोर्डखाली, त्या उघडायला हात बसलेला लागतो. खालच्या दोन रिकाम्या असल्या तर ८-८ जीबीच्या दोन घरीच बसवा, ३२ जीबी झाली तर एवढ्या कामाला बास. आधीच्या कुठं आहेत बघून मगच ऑर्डर करा. ग्राफिक्स कार्ड बोर्डालाच चिकटलंय, त्याचा नाद सोडा.
विंडोजचं मात्र अवघड आहे. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जादाचे सुरक्षा अपडेट घरगुती वापराला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. आणि ११ ला इंटेलचा आठवा जनरेशन लागतो, तुमचा सहावा. मुदतीनंतर घ्यायचंच झालं तर सेकंडहँड थिंकपॅड पी५२ किंवा डेलचा प्रिसिजन ७५३० बघा, दोन्ही २०१८ चे, १२८ जीबीपर्यंत रॅम. कंपन्यांतनं लीज संपून परतलेले येतात बाजारात. पैसे द्यायच्या आधी तिथंच उभं राहून बायोसमध्ये (विंडोज सुरू व्हायच्या आधीचं सेटिंग) शिरून बघा. पासवर्ड मागितला तर ते आधीच्या मालकाचं कुलूप, दुकानदार कितीही म्हणू दे "काढून देतो सर", मशीन परत ठेवा आणि बाहेर या.

गेमर_कुपवाड
मी तर ऐंशी हजार घालवायला निघालेलो त्याचे 😅

प्लॅन_मंजूर
तंबोरासाहेबांकडनं आत्ताच आलो. त्यांच्याच टेबलावर चार्जर लावला, रेव्हिट उघडलं, स्पीड ३.३. जतचा जिना वरपर्यंत आला, गच्चीच्या कठड्यासकट. चार्जर त्यांनी विकत द्यायला नकार दिला, म्हणाले नवीन मिळेपर्यंत वापरा आणि येताना भडंग आणा.
खालचं झाकण पण तिथंच उघडलं. दोन्ही खाचा रिकाम्या आहेत. ८-८ च्या दोन कुणाकडं पडून आहेत का?