अनुभव धागा: पोळा, प्रसाद, काळी पोत... मंडळीत मतं जुळत नाहीत तेव्हा

पळसपान: सगळ्यांना सलाम. पळसाच्या डहाळ्या दिसल्या, बैलांना दिलेलं 'आज आवतन घ्या, उद्या जेवाले या' कानावर आलं, अन् दर पिठोरी अमावस्येचा जुना वाद आठवला. ख्रिस्ती शेतकऱ्यानं पोळा करावा का? 'पोळा' या एकाच शब्दावर भांडलं की वाद मिटत नाही. आधी तो उकला. हळद-तुपानं खांद शेकणं, बैल धुणं, शिंगं रंगवणं, झूल घालणं, त्या दिवशी जू न ठेवणं, पुरणपोळी चारणं, ही झाली जनावराची सेवा. तोरणाखालची पूजा, आरती, नारळ हे वेगळं. कागदावर दोन रकाने करा. भांडण बहुतेक वेळा दुसऱ्या रकान्यापुरतंच उरतं. तुमच्याकडे कसं सोडवता, लिहा.

माय_अचलपूर: प्रसादाचं बायबलात १ करिंथ १०:२७-२८ मध्ये स्पष्ट आहे. शेजारणीनं वाढलं, तर चौकशी न करता जेवा. तिनं स्वतःहून 'नैवेद्याचं आहे' म्हटलं तर थांबा, तेही सांगणाऱ्याच्या मनासाठी. चुकतं कुठं, तर आपले लोक ताटावर बसायच्या आधीच विचारतात. तिलेही लागते अन् आपलाही रस्ता बंद होते.

कपाशी६२: खर्र्याचं (तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचं) काय मग? त्यालेही 'ज्याचं त्याचं मत' म्हणून राह्यले.

पळसपान: नाही भाऊ. तंबाखू आणि सुपारी, दोन्हींनी तोंडाचा कर्करोग होतो. तो मताचा विषय नाही. पण चारचौघांत नाव घेऊन सुटत नाही. रोज सोबत बसणारा एक माणूस लागतो.

वडील_यवतमाळ रोड: पाळकांसाठी (मंडळी सांभाळणाऱ्या धर्मगुरूंसाठी) दोन गोष्टी. मत्तय १८:१५ ची पायरी (आधी एकट्यानं, मग दोघं-तिघं, मग मंडळी) अपराधासाठी आहे. टिकली किंवा लग्नातल्या हळदीसाठी ती लावली की साध्या मतभेदाचा खटला होतो. तिथं रोम १४ घ्या. त्यात सगळं खाणाऱ्याला सांगितलंय 'तुच्छ मानू नको' आणि न खाणाऱ्याला 'दोष लावू नको'. आज्ञा दोन आहेत, म्हणून दोघांना वेगवेगळं भेटून ज्याची त्याची सांगा. एकाच बैठकीत वाचलं, तर प्रत्येक जण दुसऱ्याची आज्ञा पाठ करून जातो.

अन् 'दुर्बळ' हा शब्द बैठकीत टाळा. रोम १४:२ मध्ये दुर्बळ म्हटलंय ते फक्त भाजीपाला खाणाऱ्याला, म्हणजे जास्त पाळणाऱ्याला. आपल्याकडचा जास्त पाळणारा स्वतःला बळकट समजतो. तो शब्द ऐकला की उठूनच जातो.

रुथताई: काळी पोत राहिली. बऱ्याच घरी पोत ठेवून वाट्यांच्या जागी क्रूस ओवतात. सासूला पोत हवी, नवीन विश्वासी सुनेचं मन घेत नाही, तर सुनेवर बळजबरी नको. प्रेषित पौलानं आपल्या सोबत्यांपैकी तीमथ्याची सुंता केली (कृत्ये १६:३), तीताची होऊ दिली नाही (गलती २:३). तीमथ्याच्या वेळी यहुद्यांमध्ये जायचं होतं, तीताच्या वेळी सक्ती चालली होती. सक्ती आली की उत्तर बदलतं.

कपाशी६२: हे पटलं ताई 🙏 त्या सुनेसाठी लई वाईट वाटते.

माय_अचलपूर: प्रभूभोजनाच्या (उपासनेत भाकर अन् द्राक्षारस घेतात त्या विधीच्या) द्राक्षारसाचं कोणीच बोललं नाही! दारू सोडलेल्या भावासाठी आंबलेला रस नको, हे तरी सगळ्यांना मान्य व्हावं. काळ्या मनुका पाव किलो, पाणी १ लिटर. रात्रभर भिजवा, सकाळी चुरडा, १५-२० मिनिटं उकळा, मलमलीतून गाळा. उन्हाळ्यात शनिवारी करून बाहेर ठेवला, की रविवारी फेस येतो; म्हणजे आंबायला लागला. गार झाला की फ्रिजमध्ये, फार तर दोन-तीन दिवस. १८६९ मध्ये अमेरिकेत वेल्च नावाच्या दंतवैद्यानं प्रभूभोजनासाठीच रस गरम करून टिकवला होता, तीच युक्ती.

रुथताई: बियांच्या मनुका चालतील का?

माय_अचलपूर: चालतील. मिक्सरमध्ये नको, हातानं चुरडा. बी फुटलं की रस तुरट लागते.