अमेरिकेतील छोट्या शहराचे सांडपाणी आणि संघीय अनुदान

प्रश्न: आमच्या आठ हजार वस्तीच्या शहरातील सांडपाणी शुद्धीकरण केंद्र जुने झाले आहे. नव्या केंद्राचा खर्च संघीय सरकार थेट देते का?

उत्तर १: पूर्वी देत असे. १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्यानुसार बांधकाम खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळे. १९८७ च्या दुरुस्तीनंतर मात्र संघीय पैसा राज्याच्या फिरत्या निधीत (कर्जफेडीच्या पैशातून पुन्हा नवी कर्जे देणाऱ्या निधीत) जाऊ लागला, ज्यात राज्य २० टक्क्यांची भर घालते आणि शहराला कमी व्याजाचे कर्ज देते. त्याची फेड अखेर नागरिकांच्या सांडपाणी आकारातूनच होते.

उत्तर २: वस्ती दहा हजारांच्या आत असल्याने संघीय कृषी खात्याच्या ग्रामीण विकास विभागाकडेही अर्ज करावा. गटारांसाठी कृषी खाते, हे मलाही प्रथम विचित्रच वाटले होते.