डोलोरेस म्हणजे नुसतं दुःख नाही, आणि हावियेरचा गोव्याशी संबंध
कोणीतरी विचारलंय की डोलोरेस या स्पॅनिश नावाचा अर्थ दुःख, मग मुलीला असं नाव ठेवतं का कोणी? ठेवतात, कारण ते येशूची आई मारिया (मेरी) हिचं नाव आहे. पूर्ण नाव मारिया दे लोस डोलोरेस, म्हणजे दुःखांची माता. स्पेनमध्ये पवित्र आठवड्याच्या (ईस्टरच्या आधीचा आठवडा) मिरवणुकीत तिची मूर्ती निघते, गालांवर अश्रू आणि काही मूर्तींच्या छातीत चक्क खंजीर खुपसलेला. तिच्या नावाने मुलगी ओळखली जावी हा भाव, आणि घरी हाक मारताना तिचंच लोला होतं, किती गोड! पिलार (खांब, स्पेनमधल्या सारागोसा शहराची माता), मेर्सेदेस (कृपा), रोसियो (दव) ही सगळी त्याच घराण्यातली, म्हणजे मारियाच्याच नावांवरून आलेली. कोन्सुएलो म्हणजे सांत्वन, शेवटी ओ असूनही मुलीचं नाव, त्यामुळे ओ म्हणजे मुलगा हा नियम धरून बसू नका.

आणि हावियेर या मुलाच्या स्पॅनिश नावाचा अर्थ काही बेबी नेम साइटवर 'तेजस्वी' देतात तो मला अजिबात पटत नाही. मूळ उत्तर स्पेनमधल्या बास्क भाषेतलं, एचे म्हणजे घर, बेरी म्हणजे नवं, थोडक्यात नवं घर. आधी ते गावाचं नाव. उत्तर स्पेनच्या नावारा प्रांतातल्या त्या हावियेरच्या किल्ल्यात 1506 साली फ्रान्सिस जन्मला, तोच आपला सेंट फ्रान्सिस झेवियर, ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझुस चर्चमध्ये चांदीच्या पेटीत आहे. गोंयचो सायब, म्हणजे गोव्याचा साहेब! म्हणजे गोव्या-मुंबईतला प्रत्येक झेवियर आणि स्पेनमधला प्रत्येक हावियेर एकाच गावाचं नाव लावतो, मला तरी हे फार भारी वाटतं. मुलासाठी नाव शोधताय तर हे नक्की विचारात घ्या.