भात फ्रिजमध्ये ठेवून खाल्ला की शुगर खरंच कमी वाढते का?

रात्रीचा_भात
बाबांना टाइप २ डायबिटीस आहे, मेटफॉर्मिनची गोळी चालू आहे. उपाशीपोटीची शुगर बरी येते पण जेवणानंतर बघितली की २२० च्या आसपास. भात सोडायला ते अजिबात तयार नाहीत, विषय काढला की ताट सरकवून उठतात, त्यामुळे तो सल्ला प्लीज देऊ नका. आता कुणीतरी सांगितलंय की भात शिजवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी गरम करून खायचा, म्हणजे त्यातली साखर निघून जाते. बटाट्याचं पण तसंच म्हणे. खरंय का हे?

वजनकाटा
निघून वगैरे काही जात नाही हो. शिजवताना स्टार्च पाणी पिऊन फुगतो म्हणून तो पटकन पचतो आणि शुगर भराभर चढते. गार झाला की त्यातला थोडा भाग परत घट्ट जुळून बसतो, त्याला रेझिस्टंट स्टार्च म्हणतात, तो लहान आतड्यात पचत नाही, पुढे मोठ्या आतड्यातल्या बॅक्टेरियाच्या पोटात जातो. परत गरम केलं तरी बराचसा टिकतो, आणि हो, बटाट्यातही होतं हे. पण फरक किती? शिजलेल्या १०० ग्रॅम भातात साधारण २८ ग्रॅम कार्ब (म्हणजे मुख्यतः स्टार्च) असतात, त्यातला एखाद-दुसरा ग्रॅम असा वाचतो. बाकी सगळं रक्तात जाणारच. "आज फ्रिजमधला आहे ना" म्हणत वाटीभर जास्त वाढून घेतला तर उलट वाढेल. मी तर म्हणेन आधी किचनचा वजनकाटा घ्या आणि आत्ता ताटात नक्की किती पडतो ते बघा, बहुतेकांचा अंदाज चुकतो.

आधी_भाजी
वरच्यांशी सहमत. भात सोडायचा नसेल तर क्रम बदलून बघा, आधी सॅलड-भाजी, त्याबरोबर अंडं, चिकन, पनीर जे चालतं ते, आणि भात सगळ्यात शेवटी. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल मेडिकल कॉलेजमध्ये यावर छोटासा अभ्यास झाला होता, ११ च जण होते पण सगळे टाइप २ आणि मेटफॉर्मिनवर, म्हणजे तुमच्या बाबांसारखेच. तेच जेवण, फक्त ब्रेड आणि ज्यूस शेवटी, तर तासाभराने शुगर ३७ टक्के कमी आली. ११ जणांवरून फार उड्या मारू नयेत हे मान्य, पण यात जातंय काय आपलं? आणि जेवल्यावर लगेच आडवं होऊ देऊ नका, १०-१५ मिनिटं चाललं तरी स्नायू ग्लुकोज ओढून घेतात.

साधा_माणूस
फ्रिजवाला प्रयोग करणारच असाल तर भात ओट्यावर तासन्‌तास उघडा ठेवून मग आत ढकलू नका. बॅसिलस सिरियस नावाच्या बॅक्टेरियाचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं उलट्या करवणारं विष परत गरम करूनही जात नाही. पसरट भांड्यात काढा, लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये, आणि दुसऱ्याच दिवशी संपवा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कार्ब एकदम कमी करू नका, शुगर खाली जाऊ शकते. नुसत्या मेटफॉर्मिनवर ती भीती फारशी नसते.

रात्रीचा_भात
थँक्स सगळ्यांना, क्रम बदलायला ते तयार होतील असं वाटतंय कारण त्यात भात जात नाहीये 😄 भात शिजवताना तूप-तेल घातलं तर? आणि जेवणानंतरची शुगर दोन तासांनी बघतात ना, ते दोन तास म्हणजे जेवण संपल्यापासून का?

वजनकाटा
पहिल्या घासापासून मोजा. ते सावकाश जेवत असतील तर त्यातच अर्धा तास जातो आणि रीडिंग भलतंच येतं. तेलातुपाने पोट हळू रिकामं होतं म्हणून दोन तासांचा आकडा छान दिसतो आणि शुगर नंतर चढते, कॅलरी वाढतात त्या वेगळ्याच. तसं करणार असाल तर तीन-साडेतीन तासांनी पण एकदा टोचून बघा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, सगळं एकदम केलं तर कशाने फरक पडला ते कळायचंच नाही.