एमएस: नवा झटका की उन्हाचा त्रास?

प्रश्न (राजारामपुरी, कोल्हापूर): बहिणीला एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू-मज्जारज्जूतल्या नसांचं आवरण खराब होण्याचा आजार) आहे. परवापासून डावा पाय ओढतोय, लघवीही सारखी लागते. न्यूरोच्या नर्सताईंना फोनवर काय सांगू?

उत्तर १: कधी सुरू झालं, सलग २४ तास टिकलं का, ताप आहे का, हे आधी सांगा. लघवीत इन्फेक्शन असलं की जुनीच लक्षणं उफाळतात, म्हणून नव्या झटक्यावर (आजार नव्यानं उसळला की) देतात त्या स्टिरॉइडआधी लघवी तपासायला लावतात. ती तपासणी टाळू नकाच.

उत्तर २: लघवीनंतर मूत्राशयात किती उरते तेही सोनोग्राफीत बघतात. जास्त उरली की इन्फेक्शन परत परत होतं. शिवाय २५ फूट चालायला लागणारे सेकंद मागच्या नोंदीशी ताडतात.

उत्तर ३: उन्हानं अंग थोडं तापलं तरी नसांतला संदेश मंदावतो. गार खोलीत तासाभरात लक्षणं ओसरली तर बहुधा उन्हाचंच. डोळा दुखून अंधुक दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवा.