गोव्यात छोट्या धंद्याची प्रसिद्धी: गिऱ्हाईक नक्की कुठून आलं ते लिहा

माशेलची बाय
मंडळी, चवथ (गणेश चतुर्थी) जवळ येतेय आणि आपल्यातले कितीतरी जण घरून काही ना काही विकतायत, फराळ, लोणची, शिवणकाम, कोणाचा होमस्टे. पेपरवाले, केबलवाले, इन्स्टावाले सगळे म्हणतात आमच्याकडे जाहिरात द्या. पण प्रत्यक्षात फोन कशामुळे वाजला? ज्याला जे जमलं ते सविस्तर लिहा, नवीन धंदा काढणाऱ्या बायकांना खूप उपयोग होईल.

फराळवाली, फोंडा
मी नेवऱ्या, लाडू, चिवडा करते. माझं काम हँडबिलांनी केलं. आमच्याकडे अजून घरोघर मराठी पेपर येतो आणि म्हातारी माणसं तो श्रद्धांजलीच्या पानापर्यंत वाचून काढतात, म्हणून पेपर टाकणाऱ्या मुलाला पैसे देऊन रविवारच्या अंकात घालायला सांगितलं. हँडबिलावर फोटो एकच, नंबर मात्र चष्म्याशिवाय दिसेल एवढा मोठा, आणि खाली ऑर्डर घ्यायची शेवटची तारीख. तारीख घातली की लोक कागद फ्रिजवर लावून विसरत नाहीत, त्याच दिवशी फोन करतात. खाण्याच्या मालाच्या नोंदणीचा, म्हणजे एफएसएसएआयचा, १४ आकडी नंबरही छापा, दुकानदार पाकीट ठेवून घ्यायच्या आधी तोच बघतो.

चित्रशाळा, डिचोली
आमची चित्रशाळा आजोबांपासूनची, सगळे गणपती चिकणमातीचे. गोव्यात पीओपीच्या मूर्तींवर बंदी आहे तरी बाहेरून येतातच, त्यामुळे मातीच्या मूर्तीला योग्य दर मिळवणं कठीण झालंय आणि म्हणूनच लोकांपर्यंत पोचणं आम्हाला फार गरजेचं वाटतं. आम्ही जाहिरात दिली नाही, बातमी येईल असं बघितलं. पेपरांचे तालुक्याचे बातमीदार असतात, त्यातल्या एकाला नागपंचमीच्या आधीच बोलावलं, कारण चवथीच्या आठवड्यात पानं शुभेच्छांच्या जाहिरातींनीच भरलेली असतात. आता "आमच्या मूर्ती चांगल्या" एवढ्यावर तो बिचारा काय लिहिणार? त्याला माती कुठून येते, ती मळून किती दिवस झाकून ठेवतो, सोंड हातानं कशी वळवतो ते सगळं दाखवलं. माझी पुतणी श्वास रोखून डोळ्यांची आखणी करत होती, तोच फोटो छापून आला.

एक गोष्ट लक्षात ठेवा, बातमीत फोन नंबर बहुतेक छापत नाहीत. लोक गावाचं नाव वाचून गूगलवर शोधतात आणि तिथे तुम्ही नसलात तर ती बातमी वाया गेली. गूगलचं बिझनेस प्रोफाईल फुकट काढता येतं, ते आधी करून घ्या, पडताळणीला हल्ली व्हिडिओ मागतात, त्यात रस्ता, बोर्ड आणि आतलं कामाचं सामान न थांबता एकाच व्हिडिओत दाखवायचं. मग कात्रणाचा फोटो प्रोफाईलवर, स्टेटसवर, आणि चित्रशाळेत भिंतीवर. पुढच्या वर्षी एक लोकल चॅनेलवाला ते कात्रण बघूनच कॅमेरा घेऊन आला.

दोन खोल्यांचा होमस्टे, पेडणे
आमचं गणित वेगळं, गिऱ्हाईक गावचं नाही, बंगळूर-पुण्याचं. त्यामुळे पेपरचा फार उपयोग नाही, रील आणि गूगलचे रिव्ह्यू हेच चालतात. एका रीलवाल्यानं फुकट राहून, जेवून फक्त समुद्र आणि स्वतःचा चेहरा दाखवला, घर कुठेच नाही, मला खूप वाईट वाटलं कारण सीझनमधली खोली अडकली होती. आता आधीच मेसेजवर ठरवून घेते, दरवाजा, ताट आणि घराकडे येणारी वाट हे आलंच पाहिजे, आणि फुकट राहिलाय तर ही जाहिरात आहे असं स्पष्ट लिहायचं, जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या एएससीआय संस्थेची २०२१ ची नियमावली तेच सांगते. पर्यटन खात्याची नोंदणी (१९८२ चा कायदा) करून तो नंबर पेजवर घालते, चौकशी करणारे लगेच निर्धास्त होतात. मॅपवरची पिनही स्वतः चालत जाऊन तपासा, आमची पलीकडच्या वाड्यावरच्या खुरसाकडे (क्रॉसाकडे) पडत होती आणि पाहुणे रात्री बॅगा घेऊन तिथे उभे. निघताना पाहुण्यांना सांगते, रिव्ह्यूत काय खाल्लं ते लिहा. पाव आणि पातळभाजी वाचून येणारे आहेत हो!

सोलां-आगळ बचत गट, केपे
आम्हाला आकाशवाणीच्या पणजी केंद्रावर बोलावलं होतं. तिथे आमचा माल घ्या असं म्हणता येत नाही, पण भिंणां (कोकमाची फळं) फोडून सोलां (आमसुलं) कशी सुकवतात, आगळात (कोकमाच्या खारवलेल्या रसात) मीठ किती, ते सांगितलं आणि ऐकणाऱ्यांनी केंद्रावर फोन करून आमचा नंबर मागितला, सावंतवाडीकडूनसुद्धा. लोकोत्सवात स्टॉल लावतो तेव्हा बाटली देताना आम्ही गिऱ्हाइकाला तिथेच आमचा नंबर सेव्ह करायला सांगतो, कारण व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टचा मेसेज फक्त नंबर सेव्ह केलेल्यांनाच जातो, एका यादीत २५६ जण. आणि बाटलीवरचं लेबल प्लास्टिकचं घ्या गे बायांनो, कागदी लेबलावर आगळाचा ओघळ आला की नंबरातले शेवटचे आकडे हमखास जातात आणि पुरुमेंताच्या (पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या) वेळी परत मागवणारी बाई हळहळत बसते.

टेलर, म्हापसा
तुम्हाला उद्योजक पुरस्कार मिळालाय, फक्त नोंदणी फी भरा, असे फोन येतात. देऊ नका. त्याच पैशांत शुक्रवारच्या बाजाराच्या वाटेवर चांगला बोर्ड लागतो. गावच्या मंडळाच्या स्मरणिकेत मात्र मी दर वर्षी देतो, गिऱ्हाईक येवो न येवो, गावचं काम आहे.

माशेलची बाय
सगळ्यांचं देव बरें करूं. मला मडगावला मसाले पोचवायचेत, तिथे मराठी हँडबिल चालेल का?

मडगावची वहिनी
बाजारात चालेल, पण आमच्या सासष्टी तालुक्याच्या गावांसाठी मागच्या बाजूला रोमी लिपीत (इंग्रजी अक्षरांत) कोंकणी छाप. आमच्याकडे हँडबिल वाटायची जागा म्हणजे फेस्ताची फेरी (चर्चच्या सणाची जत्रा), खाज्यांच्या दुकानांजवळ गर्दी तुंबते तिथे उभं राहायचं, रविवारी मिसानंतरही (चर्चमधल्या प्रार्थनेनंतर) चालतं पण पाद्रींना आधी विचार. मसाल्याचा वास द्यायला छोटी पुडी टाचून दे, शागोतीचा (आमच्याकडच्या मटण-कोंबडीच्या रश्शाचा) असेल तर नक्कीच. रोमीचा मजकूर छापायच्या आधी मला पाठव, माझी शेजारीण शाळेत शिकवायची, ती तपासून देईल.