आईची गुडघ्याची गोळी दुबईला आणता येईल का?

आई पुढच्या महिन्यात माझ्याकडे दुबईला येतेय, ३ महिने राहणार. गुडघेदुखीसाठी डॉक्टरांनी अल्ट्रासेट दिलीय, चिठ्ठी आहे, पुण्यात रीतसर मिळते, पण शेजारीण म्हणाली एअरपोर्टवर पकडतात. खरंय का?

— खरंय ताई. त्यात ट्रॅमाडॉल (अफूसारखं काम करणारं वेदनाशामक) असतं, आणि यूएईत ते कंट्रोल्ड, म्हणजे सरकारी नियंत्रणाखालचं औषध आहे. नुसती चिठ्ठी दाखवून भागत नाही, आधी ऑनलाइन सरकारी परवानगी काढावी लागते आणि ती मिळाली तरी साधारण ३० दिवसांपुरतंच आणता येतं. बीपी-शुगरच्या साध्या गोळ्यांचं एवढं टेन्शन नाही.

— कोडीनवालं (कोडीन हेही अफूच्याच जातीचं) खोकल्याचं औषध पण त्यातच आलं. ब्रँडचं नाव बघू नका, खाली बारीक अक्षरात लिहिलेले घटक वाचा. आणि गोळ्या सुट्या करून डबीत भरायची आयांना भारी हौस, ते करू देऊ नका, मूळ पाकिटातच हव्यात.

— खसखस पण नको हां!! तीही बंद आहे इकडे, अनारसे असतील तर विसरा.

— अरे देवा, अनारशांचा डबा भरून तयार आहे 😅 आजच फोन करते, गोळी बदलून मिळते का ते पण डॉक्टरांना विचारायला सांगते.